लाकडी रोलर कोस्टर: काडी भाची, वजनदार मामा आणि मांडीवरचा दांडा

एडिसनकरीण

नमस्कार मंडळी. माझा दादा पुण्याहून आलाय. वजन 115 किलो, पोट पुढे आणि उत्साह पोटाच्याही पुढे. माझी लेक नऊ वर्षांची, उंची 50 इंच, वजन 24 किलो. मामा-भाचीनं परस्पर ठरवलंय की न्यू जर्सीतल्या जॅक्सनच्या सिक्स फ्लॅग्ज पार्कमध्ये एल टोरो या लाकडी रोलर कोस्टरवर शेजारी-शेजारी बसायचं. लेकीनं व्हिडिओ दाखवून दाखवून मामाला पार पढवलंय: "मामा, त्यात आपण सीटवरून उडतो!" दादा खूश. माझ्या पोटात गोळा.

उंचीची अट 48 इंच, त्यात लेक बसते. पण उडतो म्हणजे नक्की काय होतं? ते मुद्दाम केलेलं असतं की गाडी जुनी झाली म्हणून होतं? 2021 मध्ये त्याच राइडची चाकं सरकली होती आणि 2022 मध्ये माणसं जखमी झाली, हे मी वाचलंय. त्यात ते सगळं लाकूड. उन्हापावसात उभं. आणि दादाच्या पोटावर तो दांडा लागणार तरी का?

"जाऊ नका" एवढंच लिहायचं असेल तर तसदी घेऊ नका. ते घरी सांगून झालंय.

खोपोलीकर

इमॅजिकातल्या नायट्रोवर बसलोय. तिथे खांद्यांवरून जाडजूड हार्नेस येतं, छातीपर्यंत माणूस बंद. या लाकडी राइडवर म्हणे फक्त मांडीवर दांडा आणि कमरेला पट्टा. जिथे माणूस उडतो म्हणतात तिथेच कमी बांधतात, हे उलटं नाही का? जाणकारांनी सांगावं.

मागच्या_सीटवाला

ताई, खोपोलीकर, सावकाश लिहितो. हा माझा आवडता विषय आहे, त्यामुळे लांबण लागेल. मी पेनसिल्व्हेनियात राहतो, पेशानं मेकॅनिकल इंजिनिअर. सुट्टीत बायको बीचवर जाते आणि मी लाकडी कोस्टरवर.

आधी उडण्याबद्दल. ते पूर्णपणे मुद्दाम केलेलं असतं. एसटीच्या शेवटच्या बाकावर बसून गतिरोधक खाल्ला असेल तर तुम्हाला ते ठाऊक आहे. गाडी खाली वळते, तुमचं शरीर मात्र आधीच्याच दिशेनं जात राहतं. आता आकडे घ्या. हे एल टोरोचे नाहीत, समजण्यापुरते आहेत. टेकडीच्या माथ्यावर वेग सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर. माथ्याच्या वळणाची त्रिज्या 41 मीटरच्या आसपास असेल तर सीटवर तुमचा भार शून्य होतो, तुम्ही तरंगता. आम्ही हौशी लोक याला फ्लोटर म्हणतो. वेग तोच ठेवून त्रिज्या 20 मीटर केली की तुम्हाला गाडीबरोबर खाली वळवायला नुसतं गुरुत्वाकर्षण पुरत नाही. जवळजवळ तेवढाच जोर आणखी लागतो, आणि तो मांडीवरचा दांडा देतो. म्हणजे दादांच्या मांड्यांवर वरून सुमारे 115 किलोचा दाब आणि लेकीच्या मांड्यांवर 24 किलोचा. टिकतो सेकंदभर, कित्येकदा त्याहूनही कमी. हा इजेक्टर. एल टोरोची ख्याती याचसाठी आहे.

इथेच खोपोलीकरांचं उत्तर आहे. नायट्रोसारख्या उलटं करून गोल फिरवणाऱ्या राइडमध्ये, उलटे असतानाही, बराच वेळ तुम्ही सीटवर दाबले जाता. टेकड्यांच्या राइडमध्ये तुम्ही सरळ वर फेकले जाता. वर जाणारं शरीर धरायची योग्य जागा म्हणजे मांडी, कमरेच्या खोबणीला लागून. तिथे दांडा नीट बसला तर वरचं अंग मोकळं राहिलं तरी माणूस जागचा हलत नाही. खांद्यावरच्या हार्नेसनं असल्या टेकड्यांवर खांदे आणि कानच सोलून निघतील. किती बांधलंय यापेक्षा कुठे बांधलंय ते बघा.

मग गाडी का उडत नाही? कारण तिला रुळाखालीही चाकं असतात. जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसानं 1919 मध्ये त्याचं पेटंट घेतलं. त्याआधीच्या गाड्या केवळ स्वतःच्या वजनानं रुळावर टिकत, म्हणून टेकड्या सौम्य ठेवाव्या लागत. अल्टूनाच्या लेकमाँट पार्कमधला 1902 चा लीप-द-डिप्स त्या जातीचा आहे, त्याला खालची चाकं नाहीतच. आणि पिट्सबर्गच्या केनीवुडमधला 1920 चा जॅक रॅबिट मिलरचाच, त्याच्या दुहेरी उतारावर आजही लोक किंचाळत सीटवरून उठतात. थोडक्यात, गाडी बांधायची युक्ती शंभर वर्षं जुनी आहे. माणूस बांधायचं शास्त्र मात्र बरंच उशिरा सुधारलं.

लाकडाबद्दल. पारंपरिक राइडचा रूळ म्हणजे एकावर एक ठोकलेल्या फळ्यांचे थर आणि वर पोलादी पट्टी. ते लवतं, कुरकुरतं, डोलतं. तसंच अपेक्षित असतं. न डोलणारं लाकूड तडकतं. सुतारांची टोळी दर हिवाळ्यात खराब झालेला रूळ उकलून नव्या फळ्या घालते आणि हंगामात सकाळी माणसं रूळ चालत तपासतात. एल टोरो जरा वेगळा. 2006 चा, इंटामिन कंपनीचा. त्याचे रूळ चिकटवलेल्या थरांचे, कारखान्यात यंत्रावर मोजून कापलेले आणि जागेवर आणून जोडलेले. म्हणून तो बाकी लाकडी राइडपेक्षा गुळगुळीत आणि म्हणूनच इतका बेफाम: उंची 181 फूट, उतार 76 अंशांचा, वेग ताशी 70 मैल.

आता अपघात. हे दोन प्रकारचे असतात आणि बातम्यांत त्यांची खिचडी होते. पहिला प्रकार राइड बिघडण्याचा. जून 2021 मध्ये एल टोरोच्या शेवटच्या डब्याची चाकं सरकली, कुणाला इजा झाली नाही, पण उरलेला हंगाम राइड बंद राहिली. ऑगस्ट 2022 मध्ये धावता धावता जोरात दणका बसला, 14 जण जखमी झाले, त्यातले 5 इस्पितळात गेले. राज्याच्या तपासणीत राइडच्या बांधणीत नुकसान सापडलं, ती बंद झाली ती जून 2023 लाच उघडली. या दोन्ही वेळी कुणी सीटबाहेर फेकलं गेलं नव्हतं. तुमची काळजी ही असेल तर तिच्यावर तुमच्या हातात काहीच नाही. राज्याचे निरीक्षक आणि पार्कचे मेकॅनिक यांच्यावर भरवसा ठेवायचा किंवा घरी बसायचं. (एका ठिकाणी उभ्या असलेल्या राइडवर अमेरिकेत केंद्र सरकारचं नियंत्रण नाही, ज्या त्या राज्याचं असतं. आमच्या पेनसिल्व्हेनियात हे काम शेतीखातं करतं. हसू नका, बरं करतात.)

दुसरा प्रकार माणूस आणि दांडा यांच्या मधल्या फटीचा. इथे तुमच्या हातात पुष्कळ काही आहे.

जुलै 2013, टेक्सास, न्यू टेक्सास जायंट. लाकडी सांगाडा आणि वर पोलादी रूळ अशी संकरित राइड. एक बाई सीटबाहेर पडून मरण पावल्या. त्यानंतर सप्टेंबरमध्ये राइड पुन्हा सुरू करताना दांड्याच्या गाद्यांची रचना बदलली, नवे सीटबेल्ट बसवले आणि रांगेच्या तोंडाशी बसून बघायला एक सीट ठेवली. यातल्या शेवटच्या गोष्टीला मी सगळ्यांत जास्त मार्क देतो. दांडा 'लॉक' झाला हे यंत्र सांगू शकतं. तो मांडीवर टेकलाय की पोटावर अडलाय, हे त्याला बहुधा कळत नाही. पोटावर अडलेला दांडा घट्ट वाटतो. पण पोट दबतं, सरकतं, आणि माथ्यावर शरीर वर उचललं गेलं की खाली मांडीपाशी जागा उरते.

म्हणून दादांनी आधी चाचणीच्या सीटवर बसावं. पाठ पूर्ण मागे, ढुंगण खोबणीत, पाय जमिनीवर. पोट हातानं वर उचलून दांडा खाली घ्यावा, लाज वाटून घेऊ नये. पट्टा ओढाताण न करता लागला आणि दांडा मांडीला टेकला तर बसा. मांडीला टेकत नसेल तर लॉक होत असला तरी उतरा. ऑपरेटर पोरं अठरा-एकोणीस वर्षांची असतात, मागे रांग खोळंबलेली असते. त्यांनी ढकलून बसवलं म्हणून ते बसलं असं नाही.

आणि एक चीड ओकून घेतो. आमच्याच हौशी जमातीत अशी माणसं आहेत की ऑपरेटर तपासायला आला की पोट फुगवतात, टाचा उचलून मांड्या वर करतात, म्हणजे दांड्याखाली दोन-तीन बोटं जागा राहील आणि "जास्त एअरटाइम", म्हणजे सीटवरून जास्त उडायला, मिळेल. 2003 मध्ये इंडियानाच्या हॉलिडे वर्ल्डमध्ये रेव्हन नावाच्या लाकडी राइडवरून एक बाई पडून मरण पावल्या. उतारावर त्या उभ्या दिसल्याचं पाहणाऱ्यांनी सांगितलं, दांडा आणि पट्टा तपासणीत नीट चालत होते. ते कोस्टरच्या हौशी लोकांचंच संमेलन होतं. तरी आजही रांगेत हे फट ठेवायचे सल्ले ऐकू येतात. टेकडी आखणाऱ्यानं तुमचं शरीर सीटला लागून आहे असं धरून हिशेब केलेला असतो. फट ठेवलीत की आधी शरीर मोकळं वर जातं आणि मग दांड्यावर आपटतं. मांड्यांवर काळेनिळे डाग घेऊन हेच लोक फोरमवर राइडला शिव्या घालतात.

भाचीला हे मुद्दाम सांगा. व्हिडिओत असले वीर असतात.

हाडवैद्य_नाशिक

वरचा प्रतिसाद आवडला. माझ्या बाजूनं एवढंच की उडताना सहसा पाठ दुखत नाही, परत खाली येताना दुखते. तरंगणारं शरीर दरीच्या तळाशी सीटवर दाबलं जातं, त्या क्षणी पोक काढून बसला असाल तर सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो. ताठ बसा, डोकं मागे टेकवा, मान खाली घालून फोन किंवा पाय बघू नका. हाडं ठिसूळ झालेल्यांनी, मणक्याचं किंवा मानेचं ऑपरेशन झालेल्यांनी, गरोदर बायकांनी पाटी वाचून परत फिरावं. एडिसनकरीण, दादांचं वय आणि बीपी लिहिलं नाहीत. 115 किलो आहेत म्हणून विचारतोय.

एडिसनकरीण

वय 46. बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टरांना विचारूनच जाऊ.

मागच्या_सीटवाला, इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं, आभार. सगळं दादाला वाचून दाखवलं. पोट उचलण्याच्या वाक्याला तो गप्प झाला, लेक हसून लोळली.

आता नवीन फाटा. एल टोरो फार वाटत असेल तर तुमच्याकडे पेनसिल्व्हेनियात नोबेल्स पार्कला फीनिक्स हा लाकडी कोस्टर आहे ना, तो छोटा आहे म्हणतात. आधी तिथे सराव करून घेऊ का? आणि दोघं शेजारी बसली तर चालेल ना? लेकीचा तो हट्ट आहे.

मागच्या_सीटवाला

बरं झालं विचारलंत. इथे बरेच जण फसतात.

फीनिक्स 78 फूट उंच, वेग 45 मैलांच्या आसपास. कागदावर एल टोरोच्या निम्म्याहून कमी. पण 1940 च्या दशकात टेक्सासमध्ये बांधलेली ही राइड 1985 मध्ये सुटी करून एलिसबर्गला, म्हणजे नोबेल्समध्ये, आणून उभी केली आणि तिच्या शेवटच्या टेकड्या ओळीनं माणसाला सीटवरून उचलत राहतात. आणि तिथे दोघांना मिळून एकच दांडा असतो, एकाच ठरलेल्या जागी लागणारा. तो बहुतेकांच्या मांडीला टेकत नाही. वेग कमी असल्यानं आणि टेकड्या त्या हिशेबानं आखल्यानं ते वर्षानुवर्षं चाललंय, मला स्वतःला एल टोरोपेक्षा ती राइड लाडकी आहे. पण नऊ वर्षांच्या 24 किलोच्या मुलीला तिथे एल टोरोपेक्षा जास्त मोकळं उडाल्यासारखं वाटेल. सराव म्हणून तर अजिबात नेऊ नका.

एल टोरोवर प्रत्येकाला स्वतंत्र दांडा आहे, म्हणून मामा-भाची शेजारी बसली तरी मामाच्या पोटाचा भाचीच्या दांड्याशी संबंध नाही. सामायिक दांडा असेल आणि तो जितका खाली जाईल तितका लागणारा असेल, तर मात्र जाड्या माणसाशेजारी बारीक मूल कधीच बसवू नका. दांडा जाड्याच्या अंगावर थांबतो, मुलाच्या मांडीवर वीतभर मोकळं राहतं. कुठल्याही जत्रेत हे आधी बघा, तिथल्या लोखंडी राइडवरसुद्धा.

जागा कुठली? शेवटची रांग पहिल्या उतारावर सगळ्यांत जोरात ओढली जाते, कारण पुढचे डबे आधीच खाली पळत असतात. माझं नाव त्यावरूनच आहे. लेकीच्या पहिल्या फेरीला मधली रांग घ्या. चाकाच्या अगदी वरची सीट टाळा, तिथे दणके जास्त लागतात.

खोपोलीकर

माझं शंकानिरसन झालं. चष्मा घालतो, त्याचं काय करायचं?

मागच्या_सीटवाला

मागून दोरी लावा किंवा खिशात, तेही चेन असलेल्या. फोन लॉकरमध्ये. मागच्या रांगेतल्या माणसाच्या तोंडावर तो ताशी 70 मैलांनी जायला नको.

एडिसनकरीण

डॉक्टरांचा होकार आला. येत्या मंगळवारी जातोय, गर्दी कमी असते म्हणून. चाचणीची सीट पहिली, दादाला दांडा लागला नाही तर लेकीबरोबर मी बसणार असं ठरलंय. हे ठरवताना माझं मत कुणी विचारलं नाही.

मागच्या_सीटवाला

ताई, मधली रांग. आणि डोळे उघडे ठेवा, पुढची टेकडी दिसली की अंग आपोआप सावरतं.