चार सिमचा रिचार्ज: २८ दिवसांचा, ८४ दिवसांचा की वर्षाचा?

कृष्णाकाठ
घरात चार सिम आहेत. माझं, बायकोचं आणि आईचं जिओ, तिन्हींवर ₹३४९चा प्लॅन (२८ दिवस, रोज २ जीबी). बाबांचं एअरटेल, त्यावर ₹१९९चा. त्यांचा फोन जुना कीपॅडचा, फक्त २जी चालणारा. आम्हा दोघांचे फोन ५जी आहेत आणि दिवसभर बाहेर वापर असतो. घरी कराडला वायफाय आहे. आई घरातच असते. फोन आणि व्हॉट्सॲप, एवढंच. दर चार आठवड्यांनी ₹१,२४६ जातात. वर्षाचे प्लॅन एकदम मारले तर खरंच किती वाचतील? की पोस्टपेड फॅमिली प्लॅन बरा पडेल?

हिशेबनीस
आधी महिन्याचा हिशेब डोक्यातून काढा. २८ दिवसांचा प्लॅन वर्षात १२ नाही, १३ वेळा भरावा लागतो. प्लॅनची किंमत भागिले दिवस करा, म्हणजे सगळं एका मापात येतं. खालचे आकडे जुलै २०२४च्या दरवाढीनंतरचे आहेत, रिचार्ज मारताना ॲपमध्ये एकदा ताडून बघा.

जिओ, रोज २ जीबी:
₹३४९, २८ दिवस: रोज १२.४६
₹८५९, ८४ दिवस: रोज १०.२३
₹८९९, ९० दिवस: रोज ९.९९
₹३५९९, ३६५ दिवस (इथे रोज २.५ जीबी): रोज ९.८६

मोठी उडी २८ वरून ८४ वर जाताना आहे. वर्षाला ३४९चे तेरा म्हणजे ₹४,५३७ आणि ८५९च्या दराने ₹३,७३३, म्हणजे एका सिममागे आठशे रुपये वाचले. त्यापुढे वर्षाच्या प्लॅनवर गेलात तर आणखी फक्त ₹१३४. तेवढ्यासाठी साडेतीन हजार आधी गुंतवायचे का, हे रेंजवर ठरवा. मध्येच पोर्ट केलंत तर उरलेले दिवस बुडतात, पैसे परत मिळत नाहीत. वर्षाच्या प्लॅनचा खरा फायदा म्हणजे मधल्या काळात दर वाढले तरी तुम्हाला झळ बसत नाही.

आता आई. रोज २ जीबी त्यांच्या कामाचाच नाही. जिओचा ₹४७९चा प्लॅन आहे: ८४ दिवस, कॉल अनलिमिटेड, डेटा एकूण ६ जीबी. हा ॲपच्या पहिल्या पानावर सहसा दिसत नाही, खाली स्वस्त पॅकच्या यादीत शोधावा लागतो. नुसत्या कॉल-एसएमएसचा ₹४४८चा आहे, तोही ८४ दिवसांचा. फरक ३१ रुपयांचा आणि त्यात ६ जीबी मिळतात, म्हणून स्मार्टफोन असेल तर ४७९च घ्या. फक्त व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये स्टोरेज अँड डेटा उघडून मोबाइल डेटावरचं मीडिया ऑटो-डाउनलोड बंद करा. नाहीतर वायफाय गेलं की सकाळच्या सुप्रभातच्या व्हिडिओंतच सहा जीबी संपतील.

बाबांना डेटाचा काडीचा उपयोग नाही. ट्रायने (दूरसंचार नियामक) २३ डिसेंबर २०२४च्या दुरुस्तीने नुसत्या कॉल-एसएमएसचा पॅक ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं आणि अशा पॅकची मुदत ९० वरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. एअरटेलचा असा पॅक ₹१८४९, ३६५ दिवस. सध्या १९९चे तेरा म्हणजे २,५८७ जातात. हा बदल डोळे मिटून करा.

एकूण: तुम्ही दोघं वर्षाच्या प्लॅनवर ₹७,१९८, बाबा ₹१,८४९, आई साधारण ₹२,०८१. बेरीज ₹११,१२८. आत्ता जातात ₹१६,१९८.

टॉवरखाली
हिशेब बरोबर आहे. ५जीबद्दल थोडं.

जुलै २०२४पासून जिओ आणि एअरटेल दोघांनी अनलिमिटेड ५जी फक्त रोज २ जीबी किंवा त्यावरच्या प्लॅनना ठेवलं. म्हणून ₹७९९चा (८४ दिवस, रोज १.५ जीबी) स्वस्त दिसला तरी घेऊ नका. ८५९शी फरक ६० रुपयांचा, दिवसाला ७१ पैसे, आणि तेवढ्यासाठी ५जी सोडायचं?

पण फोन ५जीवर असेल तेवढाच वेळ ते अनलिमिटेड. ४जीवर उतरला की रोजच्या २ जीबीतून कापलं जातं. वरच्या पट्टीत '५जी' लिहून आलं म्हणून विश्वास ठेवू नका, मोजा. वायफाय बंद करा, माय जिओ ॲपमध्ये आजचा उरलेला डेटा लिहून घ्या, वीस मिनिटं एचडी व्हिडिओ चालवा, पाच-दहा मिनिटांनी पुन्हा बघा. आकडा हलला नाही तर ५जी खरं आहे. हे ऑफिसात, बसस्टँडवर, जिथे जास्त वेळ जातो तिथे करा. ही तपासणी झाल्याशिवाय ३५९९ भरू नका, आधी एक ८५९ मारून बघा.

जिओचं ५जी स्टँडअलोन (एसए) आहे, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणारं, त्याला फोनमध्ये एसए लागतं. सुरुवातीच्या काही ५जी फोनांत फक्त एनएसए (४जीच्या आधारावर चालणारं ५जी) आहे. त्यांच्यावर जिओचं ५जी लागत नाही आणि प्लॅनला दोष दिला जातो. भिंतीआड रेंज हवी तर फोनच्या बँडमध्ये एन२८ (७०० मेगाहर्ट्झ) आहे का बघा. एन७८ जोरात चालतो, पण जाड भिंतीत अडतो.

रोजचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएस. म्हणजे सेकंदाला ८ किलोबाइट, एक एमबीच्या फोटोला दोन मिनिटं. यूपीआयचं पेमेंट अशा वेळी मध्येच लटकतं. उरलेला कोटा दुसऱ्या दिवशी मिळत नाही. शनिवार-रविवारसाठी साठवण्याची सोय व्हीआयच्या (व्होडाफोन आयडिया) काही प्लॅनमध्ये आहे.

घाटमाथा
पोस्टपेड सरसकट टाळू नका. जिओचा ₹४४९चा फॅमिली प्लॅन: मुख्य सिमला ७५ जीबी, वर तीन सिमपर्यंत प्रत्येकी ₹१५०, प्रत्येक जादा सिममागे ५ जीबी. चार सिमचे ८९९. बिल महिन्याला, म्हणजे वर्षात बाराच वेळा.

हिशेबनीस
यात एक गोष्ट राहिली. प्रीपेडच्या किमतीत जीएसटी धरलेला असतो, पोस्टपेडच्या जाहिरातीतल्या आकड्यावर १८ टक्के वेगळा लागतो. ८९९चे होतात ₹१,०६०.८२, वर्षाला ₹१२,७३०. वर काढलेल्या बेरजेपेक्षा सोळाशे जास्त. शिवाय बाबांचं सिम जिओला आणावं लागेल, आणि जिओचं २जी नेटवर्कच नाही. तो कीपॅड फोन त्यावर चालणार नाही. तारीख चुकते म्हणून पोस्टपेड हवं असेल तर ते कारण पटण्यासारखं आहे. पण मग जिओचा ₹३१९चा कॅलेंडर महिन्याचा प्रीपेड बघा: दर महिन्याला तीच तारीख, रोज १.५ जीबी. त्यात अनलिमिटेड ५जी नाही.

कृष्णाकाठ
बाबांचं आणि आईचं आजच ठरलं. दोन शंका. आमचे ३४९चे अजून नऊ दिवस बाकी आहेत, आत्ता ८५९ मारला तर ते जातील का? आणि बाबांच्या १८४९मध्ये सगळे कॉल फुकट ना? बँकेला वगैरे?

टॉवरखाली
नऊ दिवस जात नाहीत. जिओत नवा प्लॅन रांगेत लागतो आणि चालू प्लॅन संपला की आपोआप सुरू होतो. ॲपमध्ये माय प्लॅन्समध्ये दिसेल. तिथे 'आत्ता सुरू करा' असा पर्याय येतो, तो दाबू नका. दाबला तर जुने दिवस गेले. रिचार्ज कंपनीच्याच ॲपवरून करा, पेमेंट ॲपवाले वर दोन-तीन रुपये शुल्क लावतात.

बँकेचं म्हणाल तर १८०० ने सुरू होणारे नंबर टोल फ्री. १८६० ने सुरू होणारे अनलिमिटेडमध्ये येत नाहीत, त्यांना मुख्य बॅलन्स लागतो. बॅलन्स शून्य असेल तर कॉल लागतच नाही आणि सिम बिघडलं असं वाटतं. बाबांच्या सिमवर थोडा टॉपअप ठेवा. ₹१०च्या टॉपअपला ₹७.४७ मिळतात, २०च्याला १४.९५. म्हणून एकदम ५०चा मारा, ३९.३७ हातात येतात. त्याचा आणखी एक उपयोग आहे. सिम ९० दिवस अजिबात वापरलं गेलं नाही तर कंपनी नंबर बंद करू शकते, पण बॅलन्स २० रुपये किंवा जास्त असेल तर त्यातले २० कापून आणखी ३० दिवस मिळतात. २०चा टॉपअप त्याला पुरत नाही.