पहिलं व्हायोलिन घेताना काय काय झालं? (चाळिशीपुढच्यांनी सविस्तर लिहा)

गेल्या दसऱ्याला मी व्हायोलिन घेतलं. वय ४४. वाद्याचा अनुभव म्हणाल तर शाळेत असताना पेटीच्या दोन परीक्षा, त्याही आईने ढकललं म्हणून. घरात ठरलं होतं की पाच हजाराच्या वर जायचं नाही कारण सहा महिन्यांत ते माळ्यावर जाणार, हा नवऱ्याचा हिशोब, आणि माझा पूर्वेतिहास (शिवणयंत्र, ट्रेडमिल) बघता मला काही बोलता येईना. मग ऑनलाइन ४२०० चा सेट मागवला, व्हायोलिन ठेवायची पेटी, गज, गजाच्या केसांना लावायची राळ, सगळं त्यातच.

खोकं उघडलं तर तारा सैल आणि ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती छोटी लाकडी पट्टी) वेगळ्या पिशवीत. व्हिडिओ बघून दोन तास खटपट करून उभा केला. गज फिरवला तर आवाजच नाही. म्हणजे बेसूर वगैरे नाही हो, आवाजच नाही, टीव्हीवरून फडकं फिरवल्यासारखं गप्प. मी डिफेक्टिव्ह पीस म्हणून परत करायचा फॉर्म भरायला घेतला होता. नशिबाने आधी व्हायोलिन शिकवणाऱ्या बाईंना फोन केला, त्यांनी एकच विचारलं, राळ लावलीस का? लावली होती की! पण नवी कोरी वडी काचेसारखी गुळगुळीत असते, तिच्यावर गज नुसता घसरतो. पॉलिश पेपरने घासून पांढरी पूड दिसायला लागली आणि मग पाच-सात मिनिटं गज घासला तेव्हा कुठे पहिला आवाज आला. कसा ते विचारू नका.

तीन आठवड्यांनी डाव्या हाताची बोटं काळी व्हायला लागली, काजळ पुसल्यासारखी. फिंगरबोर्डाला (तारा दाबतो ती पट्टी) काळा रंग फासला होता, तो उतरत होता. तारा पण इतक्या उंच की दाबताना डोळ्यात पाणी. बाई म्हणाल्या, वाद्य वाईट नाहीये, अर्धवट आहे. मग दुरुस्तीवाल्याकडे ब्रिज घासून खाली घेतला, खुंट्या बसवून घेतल्या, तारा बदलल्या, २८०० गेले. म्हणजे झाले सातच हजार! तेच आधी विचारून घेतलं असतं तर बरं नसतं का झालं.

तर तुमचं सांगा. कितीला, कुठून, आणि काय फसलं. ब्रँडवरून मारामाऱ्या नकोत, ते दुसरीकडे.

---

ताई, मी तुमच्या अगदी उलट केलं आणि तरी फसलोच. पुणे, आयटी, त्यामुळे आधी एक्सेल शीट. त्यात स्टेंटर, यामाहा, ग्रॅनाडा, हॉफनर हे ब्रँड, लाकूड कुठलं, फिंगरबोर्ड खऱ्या एबनी लाकडाचा की रंगवलेला, सगळे कॉलम. दोन महिने नुसती शीटच भरत होतो, व्हायोलिन हातात एकदाही धरलेलं नाही. शेवटी मुंबईला काम निघालं तेव्हा धोबीतलावला फुर्ताडोजमध्ये जाऊन स्टेंटर स्टुडंट घेतलं आणि तिथल्या उत्साहात शोल्डर रेस्ट (खांद्यावर टेकवायचा आधार), चांगली राळ, आवाज दाबायचा म्यूट, भिंतीवर अडकवायचा हूक पण.

पहिल्या क्लासला सर म्हणाले, बसा. खुर्ची शोधायला लागलो तर म्हणे खाली, मांडी घालून. आपल्याकडे हिंदुस्थानी वाजवताना व्हायोलिनचं डोकं उजव्या पायाच्या घोट्यावर टेकवतात आणि दुसरं टोक छातीशी, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. शोल्डर रेस्टचं काहीच काम नाही, अजून पॅक आहे, कोणाला हवं तर सांगा. वर दुकानातून तारा पाश्चात्य पद्धतीने जी-डी-ए-ई अशा लावून आलेल्या, सरांनी पाच मिनिटांत उतरवून प-सा-प-सा करून टाकलं, काळी एकमध्ये (म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी हा सा). (काहीजण सा-प-सा-प लावतात, गुरूगणिक बदलतं.) मी घरी यूट्यूब बघून पाश्चात्य पद्धतीची बोटं पाठ केली होती ती सगळी विसरावी लागली. म्हणून आधी गुरू ठरवा आणि त्यांनाच घेऊन दुकानात जा. त्यांनी दोन मिनिटं वाजवून बघितलेलं माझ्या शीटपेक्षा भारी.

---

नागपूरकर हजर. वाद्याबद्दल तक्रार नाही, खुंट्यांबद्दल आहे. इथला उन्हाळा म्हणजे लाकूड आक्रसतं, सकाळी पेटी उघडली की चारही तारा लोळत पडलेल्या, एकदा तर ब्रिजच आडवा. खुंटीला खडू लावला की धरते, जास्त लावला तर मग हलतच नाही. कूलरसमोर ठेवू नका.

---

वरच्यांना रत्नागिरीहून सहानुभूती पण आमचं उलट, जुलैत खुंट्या अशा फुगतात की पकडीने फिरवायचा मोह होतो. नका करू. मी केलं. खुंटी तुटली.

---

मी गोव्याची, फोंडा. मी विकत घेतलंच नाही म्हणून लिहू की नको असं झालं होतं.

आमच्या शेजारी एक म्हातारे अंकल होते, लहानपणी चर्चच्या शाळेत मेस्तकडे (संगीताचे मास्तर) सोल्फा म्हणजे पाश्चात्य सरगम आणि व्हायोलिन शिकलेले. पूर्वी गोव्यात ते घरोघर होतं, त्यातलेच कितीतरी वादक पुढे मुंबईत सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गेले, मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर सगळ्यांना माहीत आहेत. अंकल गेल्यावर त्यांच्या मुलीने ते व्हायोलिन मला दिलं, तू शिकणार म्हणत होतीस ना, घे. पेटीला वाळवी, गजाचे केस कसरीने खाल्लेले, आणि हलवलं की आत खुळखुळ्यासारखा आवाज.

व्हायोलिनच्या वरच्या फळीवर एफ अक्षरासारखी फट असते, तिच्यातून टॉर्च मारून बघितलं तर आत चिठ्ठी, आंतोनिउस स्त्रादिवारिउस (इटलीतला जगप्रसिद्ध व्हायोलिन बनवणारा), क्रेमोना, १७ अमुक. मी धपकन खाली बसले! यजमानांनी लगेच भाव शोधायला घेतले, त्या रात्री आम्ही फ्लॅटचं कर्ज फेडलं, मुलीला परदेशी पाठवलं, दोन वाजता झोपलो. दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला पोटभर हसला. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जर्मनीतल्या कारखान्यांमधून अशी हजारो व्हायोलिनं निघाली, सगळ्यांत तीच चिठ्ठी चिकटवलेली, म्हणजे अमुक धर्तीचं एवढाच तिचा अर्थ.

पण वाद्य चांगलं निघालं. त्याने त्या फटीतून मूठभर कोरडे तांदूळ आत टाकले आणि हळूहळू गोल फिरवत राहिला. बाहेर काढले तर तांदूळ राखाडी, त्यात कोळ्याचं जाळं, आणि एक शेंगदाण्याचं साल!! आत खुळखुळत होता तो साउंडपोस्ट, पेन्सिलएवढी काठी, वरची आणि खालची फळी जोडणारी. चिकटवलेली नसते, नुसती दाबाने उभी असते. फ्रेंच लोक तिला आत्मा म्हणतात असं तो म्हणाला. ती वाकड्या सळईने उभी करायला त्याला अर्धा तास लागला. सगळे मिळून साडेपाच हजार, त्यात नवा गज आला. कारण जुन्या गजाला नवे केस बसवणं नव्या साध्या गजापेक्षा महाग पडत होतं.

---

न्यू जर्सीहून. इथे घेऊच नका, भाड्याने घ्या. महिना पंचवीसेक डॉलर, तार तुटली तर दुकान बघतं, आणि पुढे विकत घ्यायचं ठरलं तर भरलेल्या भाड्यातले बरेचसे पैसे किमतीतून वजा होतात. फक्त सप्टेंबरात जाऊ नका, शाळा सुरू होतात तेव्हा सगळी पोरं तिथेच असतात. मी रांगेत उभी, पुढे-मागे आठ-नऊ वर्षांची मुलं, काउंटरवरच्या बाईने गोड हसून विचारलं मुलगा कितवीत आहे? मी म्हटलं मुलगा नोकरीला लागला, व्हायोलिन मला हवंय. मग तिने मला जरा बरा गज काढून दिला.

---

वय ६७, निवृत्त. प्रभाकर जोगांचं व्हायोलिन रेडिओवर लागलं की जेवण थांबवून ऐकायचो, त्यात शब्द ऐकू यायचे अक्षरशः. तेव्हापासूनची इच्छा. सोसायटीतल्या एका मुलाचा क्लास सुटला, त्याच्या वडिलांकडून पंधराशेला घेतलं आणि वर्षभर घासलं. बोटं एकमेकांवर चढायची, मला वाटायचं माझीच बोटं जाड. सर म्हणायचे सराव वाढवा. एक दिवस सर सुट्टीवर, बदली बाई आल्या, म्हणाल्या काका हे थ्री-फोर्थ आहे, मुलांचं. मोठ्या माणसाला फोर बाय फोर म्हणजे पूर्ण मापाचं लागतं, मान सोडून व्हायोलिनच्या नुसत्या अंगाचीच लांबी चौदा इंच. नवीन घेतल्यावर प्रत्येक सूर अर्धा बोट पुढे सरकला, पुन्हा श्रीगणेशा. सरांनी वर्षभर कसं बघितलं नाही हे कोडं मी सोडून दिलंय.

आणि ताई, तुमच्या मिस्टरांना सांगा, मी पंधराशेचंच घेतलं म्हणून चालू तरी केलं. वीस हजाराचं असतं तर पेटीतून बाहेर काढायला भ्यायलो असतो. वाजवून झालं की गज सैल करा आणि राळेची पूड सुक्या कापडाने पुसा, ती वॉर्निशला चिकटून बसते.

---

धन्यवाद सगळ्यांना, काका तुमचा निरोप पोचवला. गोवेकर ताई, त्या शेंगदाण्याच्या सालाने मी दोन दिवस हसतेय. एकांनी विचारलंय की फ्लॅटमध्ये सराव कसा करता. रबरी म्यूट मिळतो तो ब्रिजवर बसवायचा, पण मी कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा लावते, बऱ्यापैकी आवाज दबतो. तो लावायचं सुरू करण्याआधी समोरच्या काकू एकदा येऊन अगदी काळजीने विचारून गेल्या होत्या, तुमच्याकडे रोज सात वाजता कुठलं दार करकरतं, तेल देऊ का?