४५ एसीपीच्या लहान प्रायमरच्या पुंगळ्या: वेगळ्या ठेवाव्यात की मोडीत घालाव्यात?

धागाकर्ता (ओहायो):
रिकाम्या पुंगळ्या (गोळी झाडल्यावर उरणारी काडतुसांची पितळी आवरणे) गोळा करून घरी पुन्हा काडतुसे भरण्याचा छंद मी काही वर्षांपासून जोपासतो आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरण्यास परवाना लागत नाही. भारतात मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, याची तेथील वाचकांनी कृपया नोंद घ्यावी.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ४५ एसीपी हे अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांचे पिस्तुलाचे काडतूस अमेरिकी सैन्याने १९११ साली पिस्तुलासह स्वीकारले आणि त्यानंतर कित्येक दशके त्याच्या पुंगळीला मोठा पिस्तूल प्रायमरच (बुडाशी बसणारी, आघाताने पेटून आतली दारू पेटवणारी छोटी टोपी) लागत असे. पुढे शिसेविरहित प्रायमर आले तेव्हा काही कारखान्यांनी याच काडतुसाला लहान प्रायमर बसवण्यास सुरुवात केली, आणि नंतर फेडरल, स्पीअर व ब्लेझर यांची साधी काडतुसेही तशी मिळू लागली. मोठ्या प्रायमरचा व्यास ०.२१० इंच आणि लहानाचा ०.१७५ इंच, म्हणजे फरक एक मिलिमीटरही भरत नाही. पण प्रेसच्या, म्हणजे काडतुसे भरण्याच्या यंत्राच्या, दांड्यावर तो लगेच जाणवतो. जुना प्रायमर काढणारी सुई दोन्ही पुंगळ्यांतून सारखीच जाते, त्यामुळे तोपर्यंत काहीच कळत नाही, आणि पुढच्या टप्प्यावर मोठा प्रायमर पुंगळीच्या बुडातील लहान खळग्याच्या तोंडाशी अडतो. अशा वेळी लयीत असलेला हात नकळत जोर लावतो. प्रायमर चेपतो, क्वचित फुटतोही, आणि शेजारच्या नळीत रचलेल्या प्रायमरांपर्यंत तो स्फोट पोहोचला तर काय होईल याचा विचारही नकोसा वाटतो. नळीभोवती पोलादी कवच देतात ते याच भयापोटी. म्हणून माझे स्पष्ट मत असे की लहान प्रायमरची पुंगळी कार्यशाळेत येऊच देऊ नये, ती थेट पितळेच्या मोडीत जावी.

प्रतिसाद १ (टेक्सास):
धोक्याबद्दल मी पूर्णपणे सहमत आहे, उपायाबद्दल मुळीच नाही. दोष पुंगळीचा नसून न निवडता भरण्याच्या सवयीचा आहे. पुंगळ्या बुडाची बाजू वर करून ताटलीत मांडल्या की लहान वर्तुळे चटकन डोळ्यांत भरतात, आणि दोनदा नजर फिरवायला फारसा वेळ लागत नाही. लहान प्रायमरने पेट नीट घेत नाही असेही कोणी म्हणू नये; २००३ साली आलेल्या ४५ जीएपी या काडतुसाची गोळी याच जाडीची आहे आणि त्यात लहान प्रायमरच असतो. ४५ एसीपीची कमाल दाबमर्यादा चौरस इंचाला २१,००० पौंड आहे, तर ९ मिलिमीटरच्या काडतुसाची ३५,००० पौंड. एवढ्या कमी दाबात खळगा सैल होण्यास दीर्घकाळ लागतो, म्हणजे चांगले पितळ आपण विनाकारण फेकून देतो. माझ्यापुरते सर्वांत मोठे कारण साठ्याचे आहे. २०२०-२१ च्या टंचाईत मला मोठे पिस्तूल प्रायमर मिळेनासे झाले, तेव्हा ९ मिलिमीटरसाठी ठेवलेल्या लहान प्रायमरांवरच माझा ४५ चा सराव चालू राहिला.

प्रतिसाद २:
वरील प्रतिसादात एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे. प्रायमर बदलला म्हणजे काडतुसाचा एक घटक बदलला, त्यामुळे मोठ्या प्रायमरवर बसवलेले दारूचे माप लहान प्रायमरच्या पुंगळीत तसेच वापरू नये. छापील पुस्तिकेतील किमान मापापासून पुन्हा सुरुवात करावी आणि शक्य असल्यास वेगमापकावर तपासावे. शिवाय शिसेविरहित प्रायमरच्या काही पुंगळ्यांमध्ये ज्वाला आत जाण्याचे छिद्रही नेहमीपेक्षा मोठे असते. ज्यांना ही दुहेरी नोंदवही नको, त्यांनी धागाकर्त्याचे ऐकावे.

धागाकर्ता:
टंचाईचा मुद्दा मला मान्य करावा लागेल. त्या काळात मीही मोठ्या प्रायमरसाठी दुकानांच्या खेपा घातल्या होत्या. तरीही नजरेवर एवढा भरवसा ठेवणे मला पटत नाही. कामावरून आल्यावर रात्री दिव्याखाली बसून शेकडो पुंगळ्या निवडताना माझ्या हातून एखादी निसटतेच, आणि पितळेच्या एका तुकड्याची किंमत माझ्या बोटांपेक्षा व डोळ्यांपेक्षा मोठी नाही.

प्रतिसाद १:
निसटली तरी दांडा अडला की थांबायचे, जोर लावायचा नाही आणि ती पुंगळी काढून बाजूला ठेवायची, एवढा नियम पाळला तर अपघाताची शक्यता फार कमी होते. मी डोळ्यांना संरक्षक चष्मा लावल्याशिवाय प्रेसला हातही लावत नाही. आणखी एक सुचवतो. काही स्पर्धांमध्ये जमिनीवर पडलेल्या पुंगळ्या उचलू देत नाहीत. तिथे त्या गमावायच्याच असतात, म्हणून मोडीत घालण्यासाठी साठवलेल्या पुंगळ्या निदान त्या दिवसासाठी, वेगळ्या बैठकीत, केवळ लहान प्रायमर लावून भराव्यात.

धागाकर्ता:
वेगळी बैठक आणि टेबलावर त्या वेळी एकाच आकाराचे प्रायमर, ही अट मला मान्य आहे. या आठवड्यातली बादली मोडीत देत नाही. झाकणावर रंगाने खूण करून ती दुसऱ्या फळीवर ठेवतो.