मोठा रिसीव्हर काढून लहान हॉलसाठी जुनी स्टिरिओ सिस्टिम: काय ठेवू, काय घेऊ?

घरबदल:
मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. बंगल्यातून दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये (पुणे) जायचंय. नवा हॉल १० बाय १४ फूट, स्पीकर १० फुटी भिंतीलाच लागणार, आणि भिंतीपासून पुढे ओढायला जागा नाही. हाताशी असलेलं सामान सगळं अमेरिकेतून आलेलं:

पायोनियर एसएक्स-१२५० रिसीव्हर (रेडिओ आणि अँप एकत्र; मागच्या पट्टीवर फक्त १२० व्होल्ट, वजन २९ किलोच्या आसपास)
थोरेन्स टीडी-१६० टर्नटेबल. स्टेपडाउनवर (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) फिरतं, पण गाणं रेंगाळतं
१२ इंची वूफरचे (खालच्या सुरांचा स्पीकर) थ्री-वे स्पीकर, वूफरच्या कडेच्या फोमचा पार चुरा झालाय
एलपी १८० आणि ७८च्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्या ४०

जुनंच वापरायचंय, पण आटोपशीर. बजेट ६० हजार. ऐकणं मुख्यतः शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, आवाज बेताचा. अँप आधी ठरवू की स्पीकर? थोरेन्सचा वेग दुरुस्त होतो का? ७८चं काय करू?

सिरीजबल्ब:
आधी स्पीकर. आणि स्पीकरच्याही आधी त्यांची जागा. तुमचे भिंतीला चिकटणार म्हणता, तर मागच्या बाजूला पोर्ट (हवेचं भोक) असलेली पेटी सरळ बाद करा. पोर्ट भिंतीपासून तीन-चार इंचांवर आला की तबल्याचा बायाँ घुमतो आणि तानपुऱ्याचा खर्ज नुसता गुरगुरतो. बंद पेटीचे छोटे टू-वे (वूफर आणि ट्वीटर एवढेच) बघा. भिंत खालच्या सुरांना आधार देते, त्यामुळे लहान वूफरची उणीव बरीच भरून निघते.

लिन कान याच कामासाठी, भिंतीलगत ठेवायला बनवलेला. सेलेशन ३ पण बंद पेटीचा आणि बजेटात बसण्यासारखा. बीबीसीचा एलएस३/५ए सगळ्यांना हवा असतो. पेटी जेमतेम फूटभर उंच आणि माणसाचा गळा अतिशय खरा लागतो. पण किंमत तुमच्या बजेटच्या पलीकडे, शिवाय एका वॅटला ८२-८३ डेसिबलच देतो, म्हणजे अँपकडून जास्त मागतो.

आता अँपचं गणित. स्पीकर ८६ डेसिबलचा धरा (१ वॅट, १ मीटर). २० वॅटला त्यात १३ डेसिबलची भर, म्हणजे ९९. आठ फुटांवर बसून दोन्ही स्पीकर मिळून ९५च्या आसपास. १० बाय १४च्या हॉलमध्ये त्यापुढे शेजारी बेल वाजवतात. एसएक्स-१२५० चॅनेलला १६० वॅटचा आहे. त्याचा व्हॉल्यूम तुम्ही घड्याळातल्या आठच्या पुढे कधी नेणारच नाही, आणि जुन्या व्हॉल्यूम पॉटचे (बटणामागचा फिरता भाग) डावा-उजवा असे दोन ट्रॅक नेमके त्या तळाच्या पट्ट्यातच एकमेकांशी जुळत नाहीत. आवाज कमी केला की गायक डावीकडे सरकतो तो यामुळे.

म्हणून २० ते ३५ वॅटचा इंटिग्रेटेड अँप (रेडिओशिवायचा, सगळं एकाच पेटीत). एनएडी ३०२० (१९७८) माझी पहिली पसंती. कागदावर २० वॅट, पण अवघड स्पीकरही सांभाळतो, आणि फोनो (टर्नटेबलचा) इनपुट उत्तम. रिसीव्हरच हवा असेल तर पायोनियर एसएक्स-४५० (१५ वॅट) किंवा एसएक्स-६५० (३५ वॅट). देशी सोनोडाइन, कॉस्मिकलाही नाक मुरडू नका. २३० व्होल्टसाठीच बनलेले, आतले भाग इथे मिळतात.

पांढरी_पाच:
थोरेन्स बिघडलेलं नाही, ते अमेरिकन विजेची वाट बघतंय. त्याची मोटर सिंक्रोनस आहे, म्हणजे वेग व्होल्टेजवर नाही, फ्रिक्वेन्सीवर ठरतो. तिकडे ६० हर्ट्‌झ, आपल्याकडे ५०. स्टेपडाउन व्होल्ट उतरवतो, हर्ट्‌झला हात लावत नाही. ३३⅓ गुणिले ५० भागिले ६०, म्हणजे तबकडी २७.८ने फिरते. सुरात सांगायचं तर काळी पाचचं गाणं पांढरी पाचच्याही किंचित खाली ऐकू येतं. बालगंधर्वांची तबकडी लावून बघा, लगेच कळेल.

उपाय स्वस्त आहे: ५० हर्ट्‌झची पुली (मोटरच्या दांडीवरची चाकी, जिच्यावरून बेल्ट फिरतो). व्यास थोडा मोठा असतो. बेल्टही त्याच वेळी बदला. घाईत स्थानिक लेथवर पुली करून घेऊ नका. ५० हर्ट्‌झची पुली ६० वालीपेक्षा २० टक्के जाड हवी हे बरोबर, पण बेल्टची जाडीही हिशेबात धरावी लागते आणि भोक अर्धा सूत जरी तिरकं गेलं तरी लांबलेला सूर थरथरतो. थोरेन्सची तयार पुली मिळते, तीच घ्या. बसवल्यावर तपासायला प्लॅटरच्या कडेला कागदाचा ठिपका चिकटवा आणि तीन मिनिटांत फेरे मोजा. बरोबर १०० भरले पाहिजेत. वेग तपासायची स्ट्रोबची रेघांची चकती चांगल्या एलईडी बल्बखाली चालत नाही, त्याला विजेबरोबर मिणमिणणारा उजेड लागतो.

७८चा प्रश्न वेगळा. टीडी-१६०ला ३३ आणि ४५ एवढंच. त्या ४० तबकड्या खरोखर ऐकायच्या असतील तर दुसरं यंत्र लागेल. लेन्को एल-७५ बघा. मोटरची दांडी शंकूसारखी निमुळती असते आणि रबरी चाक तिच्यावर मागेपुढे सरकतं, त्यामुळे वेग सलग बदलतो. हे महत्त्वाचं, कारण खूप जुन्या तबकड्या नेमक्या ७८वर मुद्रित झालेल्याच नसतात. हार्मोनियमच्या सुराशी जुळवून घ्यायचं. लेन्कोचं दुखणं एकच: आर्मच्या मुळाशी असलेले रबरी व्ही-ब्लॉक झिजून कडक होतात, मग आर्म डुगडुगतो. नवे मिळतात, नऊ-दहा मिनिटांचं काम.

सुई मात्र वेगळीच. एलपीची सुई ७८च्या रुंद खोबणीच्या तळाला घासते, खरखर प्रचंड आणि सुईचीही वाट लागते. ७८ला साधारण ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लागते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत एकाच कार्ट्रिजवर (सुई धरणारा भाग) सुया अदलाबदल होतात: एलपीला ई (२ ग्रॅम), ७८ला एसपी (५ ग्रॅम). सुईवर पडणारं आर्मचं वजन ५ ग्रॅमपर्यंत जातं का ते आधी बघा, कित्येकांची मापपट्टी त्याआधीच संपते. ऐकताना मोनो बटण दाबा आणि ट्रेबल थोडा वाढवा, कारण अँपचा फोनो आरआयएए वळणाचा (एलपीसाठी ठरलेलं सुरांचं संतुलन) असतो आणि जुन्या ७८वर तो वरचे सूर नको इतके कापतो.

आणि एक विनंती. एलपी धुवायचं आयसोप्रोपाइल अल्कोहोल ७८ला लावू नका. त्या तबकड्या लाखेच्या, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. तबकडी पुसली की खोबणीही पुसली.

जुनंतेसोनं:
वरच्या हिशेबाशी सहमत, निष्कर्षाशी नाही. एसएक्स-१२५० विकून परत तसा मिळत नाही. २३०चं १२० करणारा चांगला टोरॉइड (गोल ट्रान्सफॉर्मर) घ्या, मागच्या पट्टीवरच्या वॅटच्या किमान दीडपट क्षमतेचा, आणि ठेवा. पॉटचा असमतोल बॅलन्सच्या बटणाने सावरता येतो.

सिरीजबल्ब:
@जुनंतेसोनं, विकू नका म्हणण्याला हरकत नाही, पण हॉलमध्ये लावू नका. २९ किलोचा रिसीव्हर, त्यात आठ-दहा किलोचा टोरॉइड, आणि हे सगळं टीव्ही युनिटच्या १८ एमएमच्या फळीवर. शिवाय वर किमान चार इंच हवा मोकळी पाहिजे. बंद कप्प्यात तो स्वतःचेच कपॅसिटर शिजवतो. आणि पडून राहिलेला मोठा अँप ठेवून देणं म्हणजे जपणं नव्हे. वर्षातून दोन-तीनदा तासभर चालू केला तरच आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर टिकतात.

१२ इंची वूफरबद्दल: फोम गेला म्हणजे स्पीकर गेला असं नाही. आपल्या दमट हवेत फोम १५-२० वर्षांत चुरा होतोच. फक्त दुकानात ‘कोन (स्पीकरचा पडदा) बदलून’ घेऊ नका. ते सरसकट कागदी कोन आणि नवी कॉइल घालतात, मग तो स्पीकर नावापुरता तोच राहतो. फोमची रिंग मागवा. माप दोन घ्यायची, रिंगचा बाहेरचा व्यास आणि कोनाच्या कडेचा व्यास. ‘बारा इंच’ एवढ्यावर मागवली तर अर्धा इंच कमी-जास्त येते. जुना गोंद आयसोप्रोपाइलने मऊ करून खरवडा. आधी कोनाची कड चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मग फ्रेमची. फ्रेमची चिकटवताना वूफरला ३० हर्ट्‌झचा सूर अगदी हळू आवाजात द्या. कॉइल स्वतःच मधोमध येते. कुठे घासली तर ‘खर्र’ ऐकू येतं, तेवढा भाग बोटाने सरकवा. दुरुस्त करून विका, लहान घरात ते नकोतच.

घरबदल:
खूपच आभार. ठरलं: ३०२०, बंद पेटीचे स्पीकर, थोरेन्सला पुली. दोन शंका. एकजण जपानहून आणलेला १०० व्होल्टचा रिसीव्हर स्वस्तात देतोय, एफएमही आहे म्हणतो. आणि ३०२० बघायला गेलो की काय तपासू?

सिरीजबल्ब:
जपानचा सोडा. तिथल्या जुन्या सेटचं एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्‌झ. आपलं पुण्याचं विविध भारती १०१ वर, मुंबईचं रेनबो १०७.१ वर. काटा तिथपर्यंत पोचतच नाही. शिवाय इथे मिळणारे बहुतेक स्टेपडाउन ११० व्होल्टचे असतात. आपल्या लाइनला २४५ आले की १०० व्होल्टच्या सेटला ११७ बसतात.

३०२०साठी मल्टिमीटर आणि सिरीज बोर्ड (सेटला वीज बल्बमधून मिळते तो) घेऊन जा, ६० वॅटचा जुना पिवळा तारेचा बल्ब लावून. एलईडी चालत नाही. मागे व्होल्टेज बघा: १२० असेल तर परत या. २४० असेल तर सर्वात चांगलं, २२० असेल तरी चालवता येतो, पण जास्त तापतो.

स्पीकर न जोडता बोर्डवर चालू करा. बल्ब एकदा लख्ख पेटून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, घेऊ नका. मग थेट लाइनवर दहा मिनिटं तापू द्या, व्हॉल्यूम शून्यावर, आणि स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी व्होल्टेज मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत ठीक, १००च्या वर असेल तर स्पीकर जोडूच नका.

एक गंमत: मागच्या बाजूला प्री-आउट आणि मेन-इन (अँपचे पुढचे आणि मागचे दोन टप्पे) यांना जोडणारे यू आकाराचे दोन धातूचे तुकडे असतात. ते हरवलेले असले की अँप मुका वाटतो आणि विकणारा ‘आयसी गेलाय’ म्हणत निम्म्या किमतीत काढतो. त्या तुकड्यांच्या जागी लावून बघायला आरसीएची (ऑडिओची नेहमीची पिन) एक छोटी वायर खिशात ठेवा. पॉट आणि बटणं खरखरतात ती कॉन्टॅक्ट क्लीनरने सुटतात, त्यासाठी किंमत पाडून मागा. डब्ल्यूडी-४० मात्र मारू नका, पॉटमधलं ग्रीस धुऊन जातं. कपॅसिटर बदलायची वेळ आली तर १०५ डिग्रीचे, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त. पुण्याच्या तपकीर गल्लीत नाव छापलेले नकली पुष्कळ मिळतात, हातात हलके लागले तर शंका घ्या. आणि सगळे एका दमात बदलू नका. चूक कुठे झाली ते मग सापडत नाही.

पांढरी_पाच:
थोरेन्स टीव्ही युनिटवर स्पीकरशेजारी ठेवू नका, फळीतून हादरे परत सुईत येतात आणि आवाज वाढवला की हुंकार सुरू होतो. भिंतीवर दोन ब्रॅकेट आणि १८ बाय १५ इंची कडप्पा, २० एमएम जाड. कडप्पाच नऊ-साडेनऊ किलोचा होतो, वर टर्नटेबल. पण भिंत कशाची आहे ते बिल्डरला विचारा. नव्या इमारतींत बहुधा सिपोरेक्स (हलके, सच्छिद्र सिमेंट ब्लॉक) असतं, त्यात साधा अँकर फास्टनर फुगला की ब्लॉकचा भुगा होतो आणि महिन्याभरात सगळं पुढे कलतं. लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर वापरा, नाहीतर आरसीसी कॉलम गाठा.

घरबदल:
सिपोरेक्सच आहे. पण त्याच भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात कॉलम आहे, ९ इंची.

पांढरी_पाच:
मग दोन्ही ब्रॅकेट कॉलमवरच, सहा इंचांच्या अंतराने. कडप्पा दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच बाहेर येईल, तेवढं चालतं. भोक पाडण्याआधी सळी कुठे आहे ते बघून घ्या.