मदत हवी आहे: मॅग्नेशियमच्या स्प्रेने मुलीच्या पायाला खाज आणि लाली

लेक सहा वर्षांची आहे. अधूनमधून रात्री तिच्या पोटऱ्या दुखतात, सकाळी उठून पुन्हा उड्या मारत असते. डॉक्टरांनी तपासलंय, वाढत्या वयातलं दुखणं आहे, हलकं चोळून द्या, म्हणाले. मग नणंदेने मॅग्नेशियम ऑइलचा स्प्रे दिला. फवारला की लगेच चुरचुरतं, खाजतं, कातडी लाल होते. धुतलं की थोड्या वेळात ओसरतं. पण तिला गुडघ्यामागे कोरड्या त्वचेचा चट्टा येतो, तिथली लाली दुसऱ्या दिवशीही होती. बाटलीवर मॅग्नेशियम क्लोराइड, पाणी आणि लॅव्हेंडर तेल असं लिहिलंय. सोबतच्या कागदावर म्हटलंय की चुरचुरणं म्हणजे शरीरात मॅग्नेशियम कमी आहे, वापरत राहा. हे खरं आहे का? पाणी घालून पातळ करून लावलं तर चालेल? की ही ॲलर्जी आहे?

प्रतिसाद – खलबत्ता
त्या कागदावरचं वाक्य वाचून संताप आला. चुरचुरण्याचा कमतरतेशी काहीही संबंध नाही. नावात ऑइल असलं तरी ते तेल नव्हे, मॅग्नेशियम क्लोराइडचं तीव्र द्रावण आहे, म्हणून हाताला तेलकट लागतं. खरचटलेल्या गुडघ्यावर मिठाचं पाणी पडलं तर जे होईल तेच. पाणी उडालं की क्षार कातडीवर उरतो आणि खाज वाढवतो. मुलांची त्वचा नाजूक, त्यात एक्झिमासारखा कोरडा चट्टा असेल तर तिथलं त्वचेचं संरक्षक आवरण आधीच कमकुवत असतं.

लगेच होणारी, लावलं तिथेच राहणारी आणि धुतल्यावर जाणारी आग बहुधा नुसता दाह असते. ॲलर्जीचा पुरळ सहसा एक-दोन दिवसांनी उठतो, जास्त खाजतो आणि लावलेल्या जागेबाहेरही पसरू शकतो. तसं झालं तर मॅग्नेशियमपेक्षा माझा संशय लॅव्हेंडरवर जाईल. सुगंधी तेलं त्यासाठी बदनाम आहेत. गुडघ्यामागचं नेमकं काय ते पाहूनच कळेल.

पातळ केल्याने आग कमी होईल, पण मुळात लावायचं कशासाठी? त्वचेतून मॅग्नेशियम पुरेसं आत जातं याला भक्कम पुरावा नाही. २०१७ साली 'न्यूट्रिएंट्स' या नियतकालिकात आलेल्या आढाव्याचा निष्कर्षही असाच होता. तूर्तास बंद करा, साध्या पाण्याने धुवा, बिनवासाचं मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेली लावा. चट्टा ओला झाला, पसरला किंवा काही दिवसांत बसला नाही तर डॉक्टरांकडे बाटली घेऊनच जा. ओठ-डोळे सुजले, श्वास घरघरला किंवा अंगभर गांधी उठल्या तर वाट न बघता तातडीची मदत घ्या.

प्रतिसाद – कोरांटी
+१. आमच्याकडेही आग व्हायची आणि 'सवय होईल' असंच ऐकवलं होतं. एक भर घालते: दुखणं एकाच पायात असेल, मूल लंगडत असेल, सूज किंवा ताप असेल, सकाळीही दुखत असेल, तर ते 'वाढीचं' म्हणून सोडू नका.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. दुखणं दोन्ही पायांत असतं, लंगडत नाही. स्प्रे बंद केला. रक्तात मॅग्नेशियम तपासून घेऊ का? आणि एप्सम सॉल्टच्या कोमट पाण्यात पाय बुडवले तर?

प्रतिसाद – खलबत्ता
डॉक्टरांना दुसरं काही कारण दिसलं तरच तपासा. शरीरातल्या मॅग्नेशियमचा एक टक्काही रक्तद्रवात नसतो, निम्म्याहून जास्त हाडांत असतो, त्यामुळे तो आकडा अर्धवटच बोलतो. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. त्याचा आराम बहुतेक कोमट पाण्याचाच, तेव्हा नुसतं पाणी घ्या. चट्टा असताना क्षार नकोच. आणि ते पाकीट लेकीच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेलं तर जुलाब होतात.