घराचा लिलाव झाला, तरी दुसऱ्या कर्जाची नोटीस आली. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगावच्या वडगावचे, दोन पिढ्या मागावर गेल्या. 2014 साली बाबांनी बँकेकडून 12 लाखांचं कर्ज काढून घर बांधलं. 2018 ला नवे पॉवरलूम घ्यायला एका सौहार्द सहकारी संस्थेकडून 4 लाख घेतले. त्यासाठी त्याच घरावर दुसरं गहाण, सब-रजिस्ट्रारकडे रीतसर नोंदवलेलं. कर्जाला बाबा आणि आई दोघांच्या सह्या, जामीनदार काका.

2020 च्या लॉकडाऊनमध्ये माग थांबले ते नीट सुरू झालेच नाहीत. हप्ते तुंबले. बँकेने सरफेसी कायद्याखाली (कोर्टात न जाता तारण विकून वसुली करायचा कायदा) 60 दिवसांची नोटीस दिली, मग ताबा, मग लिलाव. ताब्याच्या दिवशी आईने देव्हारा तेवढा स्वतः उचलला. मागच्या खोलीत अर्धी विणलेली साडी मागावर तशीच राहिली. आता दीड वर्ष अनगोळला भाड्याने राहतोय.

घर गेलं म्हणजे सगळं फिटलं, असंच आम्ही धरून चाललो होतो. गेल्या आठवड्यात संस्थेची नोटीस आली, व्याजासकट 6 लाख 40 हजार. नोटीस कन्नडमध्ये, गल्लीतल्या कन्नड शाळेच्या बाईंनी वाचून दाखवली. तशीच काकांनाही आलीय. ते उद्यमबागच्या कारखान्यातून येत्या मार्चला रिटायर होतायत. पीएफ जाणार या धास्तीने काकूंना झोप नाही. वसुलीचा माणूस संध्याकाळी येतो, म्हणतो, "दोन हजार भरा आणि या कागदावर सही करा, खातं चालू राहील." परवा आईच्या मंगळसूत्राकडे बघून म्हणाला, "हे मोडलं तरी दोन हप्ते निघतील." आई काही बोलली नाही, नुसता पदर पुढे ओढला.

घरच राहिलं नाही तर हे कर्ज कशावर मागतात? काकांचं काय होईल? धाकटा भाऊ आयटीआयला आहे, पुढे त्याच्या डोक्यावर येईल का? कोणाला माहीत असेल तर कृपा करून सांगा.

प्रतिसाद:
ताई, मी चिकोडीला वकिली करतो. कडू ते आधी सांगतो. लिलावाने संस्थेचं तारण गेलं, कर्ज गेलं नाही. फेडण्याची हमी आईबाबांनी स्वतः दिलेली असते, ती घराबरोबर जात नाही. काकांचंही तेच. करार कायदा 1872, कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराएवढीच, म्हणजे संस्था थेट त्यांच्यावरही जाऊ शकते. त्यांनी भरलं तर ते तुमच्या बाबांकडून वसूल करू शकतात, पण घरातल्या घरात ते कोण करतं? भावाने सही केली नसेल तर त्याच्यावर काही नाही. उद्या वारसाने काही मिळालं तर तेवढ्यापुरतीच जबाबदारी.

आता मुद्द्याचं. घर कितीला गेलं आणि बँकेचं येणं किती होतं? सरफेसीच्या कलम 13, पोटकलम 7 प्रमाणे विक्रीच्या पैशातून आधी खर्च, मग बँकेचं येणं, आणि उरेल ते ज्याचा हक्क त्याला. तुमचं दुसरं गहाण नोंदलेलं आहे, म्हणजे शिल्लकीवर संस्थेचा हक्क, आणि तेवढी रक्कम तुमच्या कर्जातून वजा व्हायलाच हवी. बँकेकडे विक्रीचा पूर्ण हिशेब लेखी मागा, पोच घ्या. घराची ईसी, म्हणजे घरावरच्या बोज्यांचा दाखलाही काढा, गहाणाची नोंद त्यात दिसेल.

त्या कागदावर कोणीही सही करू नका. मुदत कायदा 1963, कलम 18 प्रमाणे वसुलीचा दावा लावायच्या मुदतीच्या आत सही करून दिलेली कर्जाची लेखी कबुली म्हणजे ती मुदत पुन्हा पहिल्यापासून. लेखी नोंद होऊन भरलेल्या पैशालाही कलम 19 तसंच लागू होतं. सहकारी संस्थेच्या बाबतीत मुदतीचा हिशेब वेगळा पडू शकतो, म्हणून नोटिशीचं उत्तर वकिलाकडूनच जाऊ द्या.

काकूंना सांगा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 प्रमाणे पीएफ आणि ग्रॅच्युइटीवर जप्ती येत नाही. बाईने धर्माप्रमाणे अंगावरून उतरवू नये असा दागिना, म्हणजे मंगळसूत्रही नाही. पुन्हा कोणी तसं बोललं तर आईंनी सरळ घराबाहेर काढावं. आणि आई सहकर्जदार आहेत ना? बाईमाणसाला उत्पन्न न बघता सरकारी खर्चाने वकील मिळतो. जिल्हा कोर्टातल्या कायदा सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर 15100 ला फोन करा.

दादा, तुमचे फार उपकार. आईने लिलावाच्या जाहिरातीचं कात्रण देव्हाऱ्याखाली जपून ठेवलं होतं, ते काढून बघितलं. बँकेचं येणं 14 लाख 20 हजार लिहिलंय. घर 17 लाख 5 हजारांना गेलं, हे घेणाऱ्यानेच बाबांना सांगितलं होतं. वरचं व्याज आणि खर्च धरूनही काहीतरी उरायला हवं होतं. संस्थेच्या नोटिशीत एक पैसा वजा नाही.

आज संध्याकाळी तो माणूस आला तेव्हा सही दिली नाही. सोमवारी काकांना घेऊन बँकेत जाते. अर्ज मराठीत लिहिला तर घेतील का, की कन्नडमध्ये लिहून न्यावा?