घरपट्टी माफी ज्यांना ‘खिरापत’ वाटते त्यांच्यासाठी

हवालदारीणबाई:
काल ‘हिशेबी’ यांनी लिहिलं, की माजी सैनिकांची घरपट्टी माफ करणं म्हणजे खिरापत. पेन्शन आहे, कॅन्टीन आहे, आता घराचा करही गावानेच सोसायचा का? दोनदा उत्तर लिहिलं आणि खोडलं. आज लिहितेच.

मिस्टर सतरा वर्षं पायदळात होते. त्यात फॅमिली क्वार्टर मिळाली सगळी मिळून साडेचार वर्षं. बाकीचा काळ मी सासरी माडीवरच्या एका खोलीत, दोन पोरं आणि एक स्टोव्ह. सदतिसाव्या वर्षी ते घरी आले. ग्रॅच्युइटी, फंड आणि थोडी पेन्शन विकून चार खोल्या उभ्या राहिल्या. गिलावा अजून आतूनच झालाय.

२०२० साली माफीची योजना आली ती एकाच घराला, तीही सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला आणल्यावर. त्याआधी शहरांत शौर्यपदकवाले आणि शहिदांच्या पत्नी सोडल्या तर कोणाला काही नव्हतं. आमची घरपट्टी वर्षाला अठराशे. अठराशे रुपयांनी तुमचं गाव बुडालं?

हिशेबी:
ताई, एका घराचे अठराशे हो. मी एक टर्म ग्रामपंचायत सदस्य होतो. आमचा साताऱ्याचा पट्टा फौजींचा, अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत इकडे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले, हे मला शिकवू नका, माझे चुलतेही फौजेतच होते. पण जिथे दर चौथं घर फौजीचं, तिथे दिवाबत्तीचं बिल आणि शिपायाचा पगार कशातून काढायचा? घोषणा मुंबईत, टाळ्या मुंबईत आणि तूट आमच्या दफ्तरात. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!

आणि पुण्यात तीन बेडरूमच्या फ्लॅटात राहणाऱ्या निवृत्त कर्नलसाहेबांनाही हीच माफी. त्यांना गरज आहे?

कुलाबेकर:
सैनिकांच्या नावावर घरं म्हटलं की मला एकच इमारत दिसते. कुलाब्याची आदर्श सोसायटी. कारगिलच्या विधवांची जागा, ३१ मजले, आणि आत कोण? पुढारी, बाबू, वरचे लष्करी अधिकारी. २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना जावं लागलं. बोला आता.

कलमवाचक:
पुन्हा तेच. चौकशी आयोगाने स्पष्ट म्हटलंय, की जागा राज्य सरकारची होती आणि कारगिलसाठी राखीव नव्हती. ‘विधवांची जागा’ हे वाक्य आता तरी पुरा.

कुलाबेकर:
अहो, त्याच आयोगाने १०२ पैकी २५ सभासद अपात्र ठरवले. ते नाही आठवत? दोन माजी लष्करप्रमुखांनी फ्लॅट परत करतो म्हटलं, ते काय गंमत म्हणून?

कलमवाचक:
परत करतो म्हणणं म्हणजे गुन्ह्याची कबुली, असं कोणत्या कलमात आहे? हायकोर्टाने २०१६ मध्ये पाडा म्हटलं, सुप्रीम कोर्टाने थांबवलं. हेही लिहा की. अर्धंच लिहायचं आणि मग देशभक्तीचं भाषण ठोकायचं.

कुलाबेकर:
भाषण मी ठोकलं? तुमच्यासारख्या वकिलांमुळेच ती इमारत उभी आहे.

कलमवाचक:
मी वकील नाही. एलआयसीत होतो.

माळरान:
तुमचं कुलाबा चालू द्या. आमच्या वडिलांना ७१ च्या लढाईनंतर सरकारी जमीन मिळाली. कुसळं सोडून काही उगवत नाही. भोगवटादार वर्ग २. विकून शहरात दोन खोल्या घ्यायच्या म्हटलं तर आधी कलेक्टरची परवानगी. वडील बारा वर्षं त्या फाइलमागे फिरले. दरवेळी साहेब बदललेला, कारकून तोच. वडील गेले, फाइल आहे.

हिशेबी:
हे वाईट झालं. पण याचा घरपट्टीशी काय संबंध?

माळरान:
संबंध असा, की ज्याचं घर झालंय त्याला माफी देता आणि ज्याचं झालंच नाही त्याला टोलवता. तुम्ही दोघं अठराशेवर भांडताय.

म्हाडाचा अर्जदार:
हे बोललात ते खरं. म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिकांना ५ टक्के घरं राखीव असतात. (आमदार-खासदारांनाही २ टक्के आहेत, गरीब बिचारे.) मी चार वेळा भरलं. चौथ्यांदा नाव लागलं. पेढे वाटले. मग बँकेत गेलो तर साहेब म्हणाले, वय बावन्न, पेन्शन एवढी, सिक्युरिटीची नोकरी कंत्राटी, कर्ज बसत नाही. घर सोडून दिलं. पेढ्यांचे पैसे तेवढे गेले.

आर्मीची स्वतःची गृहनिर्माण संस्था १९७८ पासून आहे, पुण्यातलं साळुंके विहार तिनेच बांधलं, ना नफा ना तोटा वगैरे. पण हप्ते भरायचेच ना? शिपायाच्या पगारात मी गावाकडे पैसे पाठवू, बहिणीचं लग्न करू, की हप्ते भरू?

हिशेबी:
मग नोकरीत असतानाच बचत करायची होती. सगळ्यांनाच घर घेताना त्रास होतो. पेन्शन तर होती ना!

हवालदारीणबाई:
सगळ्यांना नसते. पेन्शनला पुरेल एवढी सर्व्हिस न होताच बाहेर पडलेले आमच्या तालुक्यात किती आहेत, माहीत आहे? हवालदार आणि त्याखालचा, वय पासष्टच्या वर, पेन्शन नाही, अशाला केंद्राकडून महिन्याला चार हजार मिळायचे. नोव्हेंबर २०२५ पासून आठ झाले. आठ हजारांत भाडं भरा नि औषधं आणा. घराच्या कर्जावर निम्मं व्याज परत मिळतं म्हणे, तेही युद्धात अपंग झालेल्यांना किंवा सैनिक गेला त्याच्या घरच्यांना, आणि फार तर एक लाखापर्यंत. एक लाखात आमच्याकडे संडास-बाथरूम होतं.

तुमचे चुलते फौजेत होते म्हणालात. त्यांचं घर कोणी बांधलं?

हिशेबी:
माझ्या वडिलांनी. चुलत्यांनी पैसे पाठवले, सातबारा वडिलांच्या नावावर राहिला. चुलते शेवटपर्यंत ओसरीत झोपले. हे इथे काढायची गरज नव्हती.

हवालदारीणबाई:
मी फक्त विचारलं.

हिशेबी:
बरं. तुमचे अठराशे सोडले. कर्नलसाहेबांचे सोडत नाही. माफी द्यायचीच तर पद आणि उत्पन्न बघून द्या, आणि तूट सरकारने भरून द्यावी. पाणीपट्टी मात्र माफ नाही, ती भरत चला.

हवालदारीणबाई:
भरतो. पावती आहे. नळाला पाणी दर तिसऱ्या दिवशी येतं, त्याचा हिशेब मागायला उद्या तुमच्या पंचायतीत येऊ का?

कुलाबेकर:
म्हणजे २५ अपात्र तर बाकीचे सगळे धुतल्या तांदळासारखे, असं म्हणायचंय का एलआयसीवाल्यांना?